तुझ्या तारखेचा शेवटचा कागद

हिरामण, कचेरीसमोरच्या चिंचेखाली माझं मशीन आहे तिथेच आहे. तू ज्याच्यावर बसायचास तो तेलाचा डबाही तिथेच आहे. काल एक म्हातारी फेरफाराचा अर्ज घेऊन आली आणि डब्यावर बसायला लागली, तर मी तिच्यावर खेकसलो. मग माझी मलाच लाज वाटली. तिला माझी खुर्ची दिली आणि तिचा अर्ज मी उभ्यानं टाइप केला. तुला जाऊन आज पंधरा दिवस झाले.

तुझ्याविषयी छापायला काही द्या म्हणून दोघेतिघे येऊन गेले. कुठे शिकला, कुठल्या पलटणीत होता, किती मेडल होती. मी काही दिलं नाही. ते सगळं तुझ्या दिवाणखान्यात काचेमागं लावलेलं आहे, पाहिजे त्यानं उतरवून न्यावं. मला जे लिहायचं आहे ते छापायला देण्यासारखं नाही. ते तुलाच सांगायचं होतं, आणि तुला सांगायला मला तेवीस वर्षं मिळाली होती.

लोक अजून विचारतात, मेजरसाहेब इतकी वर्षं तुमच्याकडून कसला अर्ज लिहून घ्यायचे? मी त्यांना जे सांगतो ते तूही ऐक. चुकलं तर तू टोकशीलच, ती सवय मेल्यानं जायची नाही.

चीनच्या लढाईनंतर फौजेला अफसर पाहिजे होते, तेव्हा आपल्या मोहल्ल्यातला हिरामण तुळशीराम दुर्गे निवडला गेला. चामोर्शीच्या बाजारात पेढे वाटले होते तुझ्या मायनं. तुझं शिक्षण पुरं झालं, परेडचा दिवस ठरला, आणि तुझे बा निघाले. आलापल्लीच्या डेपोत सागवानाची लाकडं उचलणारा माणूस, मास्तरांचा कोट मागून घेऊन, तीन दिवसांचा प्रवास करून तुला अफसर झालेला पाहायला गेला. आणि परेडच्या आदल्या दिवशी तुला बोलावून सांगण्यात आलं, की तुझ्या गावाहून पोलिसांचा कागद बरोबर आलेला नाही. त्यात लिहिलंय, अशा नावाचा माणूस त्या गावात राहतच नाही. दुसरा कागद येईपर्यंत तुला कमिशन देता येणार नाही. परेडमध्ये चाल, पण खांद्यावर तारे लागणार नाहीत.

परेड संपल्यावर प्रत्येक पोराच्या आईबापानं त्याच्या खांद्यावर एक-एक तारा लावला. तू आणि तुझे बा भिंतीकडच्या झाडाखाली उभे होतात. हे तू मला एकदाच सांगितलंस आणि सांगताना सगळा वेळ माझ्या मशीनची फीत बोटानं फिरवत राहिलास. बा म्हणाले होते, "तुये कुठी आहेत रे?" तू खिशातून दोन तारे काढून त्यांच्या हातावर ठेवलेस. "तुयाजवळ ठेव बा. कागद आला का लावून घेतो."

ते तारे त्यांनी तंबाखूच्या चंचीत ठेवले आणि गावात आल्यावर दिसेल त्याला काढून दाखवले. मग चौकशीचा दुसरा कागद जायला महिने गेले. बा स्वतः ठाण्यावर खेटे घालत होते. शेवटी कागद गेला आणि तुझं कमिशन निघालं, परेडनंतर आठ महिन्यांनी, आणि तारीख घातली ती निघालं त्या दिवसाची, परेडच्या दिवसाची नाही. त्याच्या महिनाभर आधी बा तापानं गेले होते.

बस, एवढीच गोष्ट. आठ महिन्यांची. तेवढ्यासाठी तू ज्यांच्यासोबत धावलास, रांगलास, त्यांना पुढे सलाम ठोकत राहिलास, कारण ते तुला आठ महिन्यांनी सीनियर झाले होते. बढतीच्या याद्यांत तू दर वेळी रेषेखाली राहिलास. आठ महिन्यांचा पगार, त्यावरचा फरक, पेन्शनमधला फरक, हे सगळं तर होतंच. पण तुझा हट्ट त्याच्यासाठी नव्हता, हे मला पहिल्या अर्जाच्या वेळीच कळलं. तू सुट्टीवर आला होतास, आणि मी टायपिंग शिकून नुकताच कचेरीसमोर भाड्याचं मशीन घेऊन बसायला लागलो होतो. तू म्हणालास, "वामन, त्या दिवशी मी अफसर होतो का नव्हतो? तारीख बदलली, तर बा अफसराचा बाप मनून मेला. नाई बदलली तर पोराचं काम लटकलं मनून मेला. मले फक्त एवढं ठरवून पाह्यजे."

मी मान हलवली आणि मशीनमध्ये कागद चढवला. पहिलीच ओळ मी तीनदा चुकलो. तुला वाटलं, नवीन टायपिस्ट आहे.

आपली भांडणं आठवतात का? अर्ज इंग्रजीत आणि भांडण आपल्या बोलीत. तू सरळ लिहायचास, ‘ही चूक दुरुस्त करा.’ मी टाइप करायचो, ‘कृपावंत होऊन विचार व्हावा ही नम्र विनंती.’ तू वाचलंस की डब्यावरून उठून उभा राहायचास. "भीक मागून राह्यलो का मी? मी लिहलं ते काऊन बदलवलं बे?" मी म्हणायचो, "साहेब, तुमी लढाई शिकले, मी अर्ज शिकलो. वरच्याले असंच लागते." तू म्हणायचास, "जसं लिहलं तसं टाइप करत जाय. एक अक्षर बदलवू नको." मी दर वेळी हो म्हणालो आणि दर वेळी बदललं. पुढे पुढे तू मसुद्याच्या डोक्यावरच लाल पेन्सिलीनं लिहून आणायचास, ‘वामन, जसंच्या तसं.’ तरी मी ‘नम्र’ हा शब्द कुठेतरी घुसडायचोच.

आणि ते जिल्ह्यांचं प्रकरण! पहिल्या अर्जावर आपला जिल्हा चांदा. मधल्या सगळ्या अर्जांवर चंद्रपूर. मग जिल्हा तुटला आणि आपण गडचिरोलीत गेलो. वरून पत्र आलं, की अर्जदारानं वारंवार जिल्हा का बदलला त्याचा खुलासा करावा. तू इतका हसलास की चहा सांडला. "लिही, मी घरीच बसून आहो, जिल्हेच फिरून राह्यले." मी लिहिलं, ‘प्रशासकीय पुनर्रचनेमुळे.’ तू ते वाचून म्हणालास, "तुयासारखा नीरस माणूस पाह्यला नाई."

हे इंग्रजी मशीन तूच आणून दिलंस. जबलपूरला लिलावात घेतलं आणि रेल्वेनं मांडीवर घेऊन आलास. त्याच्यावर मी पोरींची शिक्षणं केली, दोन खोल्या बांधल्या. त्याचे पैसे घेतले नाहीस. म्हणालास, "माया अर्जाची मजुरी समज." मी समजलो. जो माणूस तुला बुडवून बसला होता, त्याला तू मशीन दिलंस आणि वर मजुरीही.

आता ते सांगतो.

आपल्या गावाची रीत तुला माहीत आहे, आपण दोघं एकाच वयाला ती शिकलो. खाकी कपडा दिसला की पहिला शब्द ‘नाई’. जंगलाचा नाकेदार असो, पोलीस असो, कोणी असो. अमुक कुठे राहतो? माहीत नाई. हे गाडं कोणाचं? माहीत नाई. एकदा एका बिचाऱ्या पोस्टमनलाही आपल्या पोरांनी उलट्या पावली परत पाठवलं होतं, त्याच्या खाकीमुळं. खाकी कपडा कधी कोणाचं भलं करायला जंगलातल्या गावात आला, असं आपल्या माणसांनी पाहिलंच नव्हतं. नाव सांगितलं की माणूस जातो, हे आपल्याला अक्षरांच्या आधी शिकवलं होतं.

आणि आपल्यावर तर आढ्याचं ओझं होतं. विहार बांधला, भिंती उभ्या राहिल्या, पण छपराच्या मधोमध टाकायला आढं नव्हतं. विकत घ्यायची ऐपत नव्हती. मग तू, मी आणि आणखी चौघं, बैलगाडी घेऊन जंगलात गेलो आणि सागवानाचा एक सरळ सोट तोडून आणला. तुझ्या बांनी तो पाहिला, हातानं चाचपला, आणि बोलले एवढंच, "डेपोत असं लाकूड येत नाई." नाकेदाराला वास लागला होता. सहा जणांवर गुन्हा दाखल झाला, अशी गावभर बोलवा होती. तू त्यानंतर थोड्याच महिन्यांत फौजेत गेलास.

मग एके दुपारी एक शिपाई सायकलवरून आला. आपल्या मोहल्ल्यात शिरला नाही. वेशीजवळ, जिथं मी सायकलचं पंक्चर काढत बसलो होतो, तिथंच थांबला. वीस पावलं आत आला असता, तर तुझी माय दारात तांदूळ निवडत बसलेली त्याला दिसली असती. पण आपल्या मोहल्ल्यात पाय टाकायचं त्याला जिवावर आलं होतं, आणि मला ते बरंच वाटलं.

"हिरामण तुळशीराम दुर्गे इथीच राह्यते का?"

"नाई जी. या नावाचं कोनी नाई इथी."

"होता का पयले?"

"होते वाटते. गेले ते तिकडं. सिरोंच्याच्याही पल्याड, तेलंगात."

त्यानं वही काढली, लिहिलं, आणि आनंदानं परत फिरला. ऊन खूप होतं. मला वाटलं, आढ्याच्या गुन्ह्यात तुला न्यायला आला होता आणि मी माझ्या मित्राला वाचवलं. त्या दिवशी मी भाकर जास्त खाल्ली, हे मला आठवतं.

बा परेडहून परत आले आणि मोहल्ल्यात सांगायला लागले, "पोलिसाचा कागद गेला मने, का हिरामन नावाचं कोनी गावातच नाई." बायका ठाण्याला शिव्या द्यायला लागल्या. मी गर्दीत मागे उभा होतो. चंचीतले तारे हातोहात माझ्यापर्यंत आले. मी ते हातात घेतले आणि पुढच्याला दिले.

त्याच वेळी बोललो असतो तर? एक पाऊल पुढे टाकून म्हटलं असतं, बा, तो मी होतो, मलाच ठाण्यावर न्या. महिनाभरात दुसरा कागद गेला असता. तुझ्या बांनी ते तारे तुझ्या खांद्यावर पाहिले असते. मी बोललो नाही, कारण बोललो तर आढ्याच्या गुन्ह्यात सगळे सापडतील, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी भ्यालो होतो.

काही वर्षांनी तू खटपट करून त्या पोलीस कागदाची नक्कल मिळवलीस. ‘गावातील एका इसमाकडे चौकशी केली असता, सदर नावाची व्यक्ती गावी राहत नसल्याचे समजले.’ त्या दिवसापासून माझं नाव ‘एक इसम’ झालं. प्रत्येक अर्जात मला ते टाइप करावं लागलं. तू डब्यावर बसून सांगायचास, "लिही, एका अनोळखी इसमाच्या चुकीच्या माहितीवरून," आणि मी लिहायचो. तेवढे शब्द मात्र मी कधी बदलले नाहीत.

"कोन असल गा तो इसम?" तू विचारायचास. "एकदा भेटला पाह्यजे." मी म्हणायचो, मेला असेल आता. तुझा संशय बुधाजी कोतवालावर गेला, कारण पोलीस आले की तोच त्यांच्यासोबत फिरायचा. तू त्याच्याशी बोलणं टाकलंस. रस्त्यात रामराम घातला तरी तू मान फिरवायचास. म्हातारा माझ्याकडे येऊन रडला होता, "वामनभाऊ, मेजरसाहेब मायावर काऊन रागावले? काय केलं जी मी?" मी त्याला चहा पाजला. तो मेला, तेव्हा तू गावात असून त्याच्या मातीला गेला नाहीस. हिरामण, तुझ्या हातून तेवढा एक अन्याय झाला आणि तोही माझाच होता.

आढ्यावरून आपलं दुसरं भांडण. पेन्शनीवर घरी आलास आणि पहिल्याच पौर्णिमेला विहारातून बाहेर येताना अडून बसलास. "‘अदिन्नादाना’ म्हणून राह्यलो आपन, न दिलेलं घेनार नाई मनून, आन डोक्यावर चोरीचं आढं. मी आलापल्लीले जातो, दंड भरतो." मी तुला तीन वर्षं अडवलं. गुन्हा उकरला जाईल, चौघांची पोरं नोकरीत आहेत, विहारावर येईल. सगळी कारणं खरी वाटायची. तू चिडायचास, "फौजेत राहून आलो, मले भेव शिकवू नको."

मागच्या उन्हाळ्यात तू मला न सांगता आलापल्लीच्या जंगल कचेरीत गेलास. संध्याकाळी परत आलास, डब्यावर बसलास आणि हसत सुटलास. "वामन, दोन बाबूंनी सारे जुने बस्ते पालथे घातले. अरे, गुन्हाच नाई नोंदला कोनी! कधीच नाई! म्हनून दंडही घेतला नाई, मले चहा पाजून वापस पाठवलं." तू हसत राहिलास. मला हसू येईना. ज्या गुन्ह्यासाठी मी तुला गावातून नाहीसा केला, तो गुन्हा कोणाच्या वहीतच नव्हता. मी तुला कोणापासूनच वाचवलं नव्हतं.

"काऊन गा, तोंड काऊन उतरलं?" तू विचारलंस. मी म्हणालो, पित्त झालं.

आठवडाभरानं मी स्टॅम्पपेपर घेतला. हजारो लोकांची प्रतिज्ञापत्रं मी टाइप केली असतील, पण ‘मी’ लिहिल्यावर पुढे माझं नाव टाइप करायला मला अर्धी सकाळ लागली. तो इसम मी होतो. मी खोटं बोललो. त्या वेळी सदर अधिकारी व त्यांचं कुटुंब याच गावचं रहिवासी होतं. तुझ्या फायलीचा नंबर घातला आणि रजिस्टरनं वर पाठवून दिलं. तुला सांगितलं नाही. म्हटलं, उत्तर येऊ दे, तुझी तारीख तुझ्या हातात पडू दे, मग सांगतो. तेव्हा तू मारशीलही, पण आनंदात मारशील.

वरच्या लोकांची रीत मी विसरलो. माझ्या कागदाची नक्कल त्यांनी तुझ्याकडेच पाठवली, अर्जदाराचं म्हणणं काय म्हणून. पोस्टमननं मला सांगितलं, "मेजरसाहेबाले जाडं पाकीट आलं जी." तोवर तू अंथरुणाला लागला होतास. किडन्या गेल्या होत्या, नागपूरच्या डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं.

त्यानंतर मी एक दिवसाआड येत राहिलो. पाकीट तुझ्या उशाशी, औषधांच्या बाटल्यांखाली दिसायचं. फोडलेलं की नाही ते कळायचं नाही. मी यायचो ते ठरवून यायचो, की आज बोलेन. तू बोलायचास लवकर कापणीला येणाऱ्या हलक्या धानाविषयी, पोरीच्या कॉलेजविषयी. एकदा म्हणालास, "आढ्याले वाळवी लागून राह्यली बे. तेल पाजून घेजो." मी म्हणालो, घेतो. शेवटच्या दिवशी मी उठलो, तर तू माझा हात धरलास.

"बस ना गा. काऊन उठते?"

"पार्टी बसून आहे कचेरीवर."

कोणी बसलेलं नव्हतं, हिरामण. तुझ्याकडे बघून बसवेना मला. तू हात सोडलास. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

पुण्यानुमोदनाला विहारात सगळे त्या आढ्याखालीच बसलो होतो. पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलाशी, त्याच ‘अदिन्नादाना’शी, मी म्हणायचा थांबलो. लोकांना वाटलं, दोस्त गेला म्हणून. तेही खरंच होतं.

परवा तुझ्या घरून सुमनवहिनी कचेरीवर आल्या. चालत आल्या, उन्हातून. पिशवीतून ते पाकीट काढलं आणि मशीनजवळ ठेवलं.

"वामनभाऊ, हे तुमाले द्यायचं म्हनत होते. टाइप कराले."

मी पाकिटाला हात लावला नाही. त्यांना म्हणालो, वहिनी, आधी माझं ऐका. आणि सांगितलं सगळं, शिपायापासून स्टॅम्पपेपरपर्यंत, भर बाजारात, लोक येत-जात असताना. त्या डब्यावर बसून ऐकत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या,

"मले माहीत आहे जी. तुमचा कागद त्यायनं मलेच वाचून दाखवला."

"मंग? काय म्हनला?"

"आधी हसले. मंग लय वेळ भिंतीकडं तोंड करून पडून राह्यले. जेवले नाई त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी म्हने, पेन्सिल दे."

म्हणजे तू वाचलं होतंस. आढ्याला तेल पाज म्हणालास तेव्हाही, बस ना म्हणालास तेव्हाही. तू वाट पाहत होतास की मी तोंडानं सांगेन. आणि मी तुझ्यासमोर बसून हलक्या धानाचं ऐकत राहिलो.

पाकिटात माझ्या प्रतिज्ञापत्राची नक्कल होती, आणि वरच्यांचं पत्र. त्यांनी तुला फक्त एकच गोष्ट विचारली होती. प्रतिज्ञापत्र करणाऱ्या इसमास आपण ओळखता काय, आणि ओळखत असल्यास आपला त्याच्याशी संबंध काय?

तुला या प्रश्नाचा अर्थ कळला होता. इतके अर्ज केल्यावर माणसाला हे कळतंच. तू ‘ओळखत नाही’ लिहिलंस, तर माझा कागद तिऱ्हाईताचा ठरतो आणि तुझी तारीख बदलते. ‘ओळखतो’ लिहिलंस, तर ते म्हणणार, मित्रानं मित्रासाठी केलेला कागद, इतकी वर्षं कुठे होता? आणि फाइल बंद. एका ‘नाही’चं काम होतं. मी असतो तर तुला तेच सांगितलं असतं. आपल्या गावच्या कोणीही ते न शिकवता लिहिलं असतं.

पत्राखाली तुझा मसुदा होता. पेन्सिलीचं अक्षर हललेलं, ओळी खाली उतरत गेलेल्या. डोक्यावर नेहमीचं, ‘वामन, जसंच्या तसं.’ आणि त्याखाली जे इंग्रजीत होतं त्याचा अर्थ इतकाच: हो, ओळखतो. लहानपणापासून ओळखतो. हा माझा मित्र आहे.

मी वहिनींना ते वाचून दाखवलं आणि अर्जनवीस म्हणून जे सांगायला पाहिजे ते सांगितलं. म्हटलं, सही आता तुमची लागेल. हे असंच पाठवलं तर बहुतेक काम होणार नाही. फरक मिळणार नाही, पेन्शन आहे तेवढीच राहील, पोरीचं शिक्षण अजून बाकी आहे. आणि त्याची तारीखही तशीच राहील. एक शब्द बदलला तर काम होऊ शकतं. तुम्ही सांगा.

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं.

"पैशाचं लागते जी, खोटं काऊन बोलू. घराले लागते, पोरीले लागते. पन ते ‘ओळखतो’ म्हनून गेले. मी ‘नाई’ कशी लिहू?"

मी कागद चढवला. तू दिलेल्या मशीनवर, त्याच फितीवर. वेशीजवळ पंक्चर काढत बसून मी सांगितलं होतं, की या नावाचं कोणी नाही इथे. आणि तू मरताना, तुझी तारीख, तुझ्या बांचे तारे, सगळं पणाला लावून लिहून गेलास की ओळखतो. ‘नम्र’ कुठे घालावा असं एकदाही वाटलं नाही. तीनच ओळी होत्या. वहिनींनी खाली सही केली आणि मी पाकीट रजिस्टर करून आलो.

हिरामण, त्यातलं एक अक्षरही मी बदललं नाही.